मायनसमधला कोट

पुण्यात पारा ८ वर आला की काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. पेपरात 'पुणेकर गारठले', मोबाईलवर शेकोटीचे फोटो, आणि टपरीवरचा प्रत्येक जण "पाषाणला तर बेक्कार थंडी आहे यार" म्हणत दुसरा कटिंग मागवतो. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या ऑफिसला आपण अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतो, कारण १९२८ मध्ये ते सिमल्याहून इथे हललं. नाव आलं, थंडी मात्र तिकडेच राहिली. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही १७ जानेवारी १९३५ चा. थोडक्यात, शून्याखाली काय असतं ते या शहराने पाहिलेलंच नाही. आणि तरी दर हिवाळ्यात हिंजवडी-खराडीतून कुणी ना कुणी लॅपटॉपची सॅक पाठीला लावून थेट मायनसमध्ये उतरतं.

माझी मामेबहीण त्यातलीच. ऑनसाइटचं लेटर आलं, गाव मिनियापोलिस, महिना जानेवारी. मामीने लगेच यादी केली: माकडटोपी, लोकरी मोजे, सुंठवडा, मेतकूट. कोटाचं खातं माझ्याकडे आलं. का, तर "तू मासिकात लिहितेस, तुला फॅशनमधलं कळतं."

कळतंच ना! एका मॉलमध्ये आम्हाला तो दिसला. काळा, लांब, वुलन ओव्हरकोट. कमरेला पट्टा, कॉलर उभी. तिने घातला आणि आम्ही दोघीही खलास. सिनेमातला बर्फ, बॅकग्राउंडला व्हायोलिन वगैरे. पाच मिनिटांत ती घामाघूम झाली. सेल्समन म्हणाला, "बघा मॅडम, एसीत एवढा घाम! म्हणजे बर्फात काही टेन्शनच नाही." हे लॉजिक आम्हाला तेव्हा पटलं, हे सांगताना आज लाज वाटते.

ती गेली. दुसऱ्या सोमवारी तिचा फोन आला. सकाळी उणे २४, वर वारा, आणि बस लेट. "ताई, कोट दिसतो एकदम सही गं, पण वारा आरपार जातो. मांड्या तर माझ्या आहेत असं वाटतच नव्हतं." ऑफिसात पोचली तेव्हा कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. ती चोळायला लागली, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हात धरला. चोळायचं नाही, नुसते उबदार तळवे लावून धरायचे. कान वाचले. अमेरिकन हवामान खात्याचा तक्ता मी नंतर पाहिला. उणे १८ आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल, तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. आपल्याकडे अर्धा तास म्हणजे नळ स्टॉपचा सिग्नल.

मी अपराधी चेहऱ्याने ट्रेकवाल्या मित्राला गाठलं. पुण्यात प्रत्येकाला असा एक मित्र असतो, ज्याच्या पलंगाखाली दोर आणि स्लीपिंग बॅग असते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोट गरम नसतोच. गरम ती असते. कोटाने फक्त तिची ऊब धरून ठेवायची."

धरून ठेवते ती हवा. गोधडीच्या थरांत, दुलईच्या कापसात अडकलेली हवा. हलली नाही, तर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. बदकाच्या किंवा हंसाच्या अंगालगतची बारीक पिसं, म्हणजे डाउन, हे काम सर्वात कमी वजनात करतात. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गडी बलूनच्या कापडात पिसं भरून शिवलेला कोट घालून आला, तेव्हा ट्वीडवाले साहेब हसले होते. वर गारठा वाढला तसं हसू आटलं. आज जगभर दिसणारं फुगीर जॅकेट त्याच कोटाच्या घराण्यातलं.

आमच्या ओव्हरकोटाचं काय चुकलं? लोकर वाईट नाही, पण तिची वीण वाऱ्याला अडवत नाही. त्यामुळे आत जमलेली ऊब प्रत्येक झोताबरोबर पसार. वर पट्टा घट्ट, म्हणजे आत जाड स्वेटर घालायलाही जागा नाही. आणि घामाची परीक्षा तर उलटीच. आत सुती कपडा असेल तर तो घाम धरून बसतो आणि बाहेर पडल्यावर तोच तुम्हाला गार करतो. सगळ्यात आत घाम बाहेर टाकणारं थर्मल, मग फ्लीस किंवा स्वेटर, मग कोट. कांद्यासारखं. म्हणून कोट ट्राय करायचा तो आतलं सगळं घालून, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन. मनगट उघडं पडलं, तर तो कोट परत हँगरला.

आता लेबलं. '६५० फिल पॉवर' म्हणजे पिसं किती फुलतात त्याचं माप. आकडा मोठा, तितकी कमी वजनात जास्त ऊब. पण भरलीत किती, ते वेगळं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भाळू नका. '८०/२०' म्हणजे ८० टक्के मऊ डाउन आणि २० टक्के साधी पिसं. 'उणे ३० पर्यंत चालेल' हा टॅगवरचा आकडा मात्र बहुतेक वेळा कंपनीचा आपला अंदाज. तुम्ही चालताय की बस स्टॉपवर पुतळा होऊन उभे आहात, हे टॅगला काय माहीत?

आणि गाव बघून कोट घ्या. लंडन-न्यूयॉर्कची थंडी पुष्कळदा शून्याच्या आसपासची, ओली, चिखलबर्फाची. भिजलेलं डाउन लगदा होऊन बसतं, तिथे वॉटरप्रूफ कापड किंवा सिंथेटिक भरण बरं. मिनेसोटाची थंडी कोरडी, तिथे वारा अडवणारं कापड आणि भरपूर डाउन. चेनवर वाऱ्याची पट्टी हवी. हूड हवंच, आणि त्याला केसाळ किनार असली तर चेहऱ्यापुढची हवा जरा स्थिर राहते. ती फॅशन नाही! फोनसाठी आतला खिसा बघा, गारठ्यात बॅटरी पटकन मान टाकते.

लांबी मात्र मांडीपर्यंत, शक्यतो गुडघ्यापर्यंत. पायांचं हे दुखणं आपल्याकडच्या एका मुलीला फार आधी कळलं होतं. १८८३ मध्ये अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाला गेली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते चालणार नव्हतं. तिने साडी सोडली नाही, गुजराती पद्धतीने नेसायला लागली, म्हणजे पाय झाकले गेले. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. परतली ती क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वय जेमतेम २१. शाळेत हा धडा वाचताना ती तिथे काय पांघरून हिंडली असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बहिणीच्या फोननंतर पडला.

माझा सल्ला विचाराल, तर मेन कोट इथून नेऊच नका. इथून थर्मल, टोपी, हातमोजे आणि एअरपोर्टवरून घरी पोचण्यापुरतं एक बरं जॅकेट न्या. बाकी तिकडे. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे थंडीच्या कपड्यांचे सेल लागतात, जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले पार्का मिळतात. ऑफिसातून कुणी परत येत असेल, तर त्याचा कोट आधी बुक करा. त्याच्याही बॅगेतली जागा वाचते. आणि इथे कुणाच्या माळ्यावरचा 'अमेरिकेचा कोट' मिळाला, तर घालण्याआधी वास घ्या. दोन पावसाळे दाबून ठेवलेलं डाउन फुगायचं विसरतं आणि बुरशी फुकट.

बहिणीने त्याच शनिवारी गुडघ्यापर्यंतचा, वापरलेला, शेवाळी रंगाचा पार्का घेतला. फोटो पाठवला. गादी चालत आल्यासारखी दिसते. मामी म्हणाली, "हे काय ध्यान!" आणि लगेच, "पण कान झाकलेत ना?"

ओव्हरकोट तिने मार्चमध्ये येणाऱ्या कलीगबरोबर परत पाठवला. मॉलवाल्यांनी घेतला नाही. सध्या तो माझ्या कपाटात आहे. डिसेंबरात एकदा रात्री घालून एफ. सी. रोडला गेले होते. डेक्कनपर्यंत पोचेतो हातात काढून धरला.