हिमालयाची वाट आणि हाताशी असलेले दिवस

हिमालयातील एखाद्या दूरच्या तळापर्यंत पायी जाण्याची आकांक्षा तरुण मनात उपजावी, यात नवल नाही. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे १० गिर्यारोहक २०१९ च्या मे महिन्यात कांचनगंगेच्या शिखरावर पोहोचले, तेव्हा आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींचीही मान उंचावली. परंतु केवळ उत्साहावर असा बेत आखणे आम्हांस उचित वाटत नाही.

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच. कांचनगंगेचा पांगपेमा हा उत्तरेकडील तळ ५,१०० मीटरांहून उंच. तेथे हवेचा दाब येथल्या निम्म्याहून थोडासाच अधिक. किल्ल्याची चढण नित्य चढल्याने पाय बळकट होतील. विरळ हवेची सवय मात्र तेथेच, सावकाश व्हावी लागते. म्हणून ३,००० मीटरांपुढे रोजचा मुक्काम ५०० मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा.

धोका बहुधा धट्ट्याकट्ट्यालाच अधिक. कारण तो घाई करतो आणि हसे होईल म्हणून डोकेदुखी लपवितो. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, सामानाच्या यादीआधी दोन गोष्टी ठरवा : राखीव दिवस किती, आणि एकाची प्रकृती बिघडताच त्याला सोबत घेऊन खाली कोण उतरणार. वेळीच परत फिरणे हा पराभव नव्हे. सोबत्याला मागे टाकून पुढे जाणे हाच खरा पराभव होय.