भरतीची वाट

वरळी व मुंबई या बेटांमधील खिंड बुजवितांना घातलेला बांध पुनःपुन्हां ढासळे. अखेर रामजी शिवजी नांवाच्या पाठारे प्रभु स्थापत्यज्ञास स्वप्नांत दृष्टांत झाला, समुद्रांतून देवीच्या मूर्ति वर काढल्या, आणि मगच तो बांध टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आमच्या पुष्कळ वाचकांनीं घरांतील वडील मंडळींकडून ऐकली असेल. गोष्ट अठराव्या शतकांतली. तिच्या सत्यासत्यतेचा वाद आम्ही बाजूस ठेवतों. तिच्यांतील व्यवहार मात्र ध्यानांत घेण्याजोगा आहे: समुद्राची जागा घ्यावयाची तर आधीं त्याला विचारावें.

आज हें विचारण्याचें काम कायद्याकडे आलें आहे. १९९१ सालीं केंद्र सरकारनें किनारा-नियमनाची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची पट्टी तिच्या कक्षेंत आली आणि भराव घालण्यास सामान्यतः मनाई झाली. पुढें २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस राज्यभर बंदी केली. हे दोन्ही उपकार मोठे आहेत. परंतु नियमाला अपवाद असतो. आणि खारभूमींत भात पिकविणारा आमचा कोंकणी शेतकरी जाणतो कीं, बांध लाटेनें फुटण्याआधीं खेकड्याच्या बिळानें पोखरला जातो. २०१५ सालच्या दुरुस्तीनें अपवादात्मक प्रसंगीं रस्त्यासाठीं भराव घालण्यास वाट करून दिली; २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील २०० मीटरांचा मोकळा पट्टा ५० मीटरांवर आणला.

याच अधिसूचनेंत, खांबांवरील रस्त्यासाठीं तिवरांचें जेवढें क्षेत्र तोडलें जाईल त्याच्या निदान तिप्पट क्षेत्रावर अन्यत्र लागवड करावी, असें सांगितलें आहे. वाचणाऱ्यास सौदा फायद्याचा वाटेल. पण तिवर म्हणजे अंगणांतली तुळस नव्हे, कीं कुंडी उचलून दुसरीकडे ठेवली! चिखलांतून वर डोकावणाऱ्या मुळ्यांवाटे तें झाड श्वास घेतें. दिवसांतून दोनदां येणारी भरती त्याला पाणी आणि गाळ पुरविते. भरावाचा मुरूम खाडीच्या तोंडाशीं पडला कीं आंतलें झाड कुऱ्हाड न लागतां वाळतें. मग निवट्या, खेकडे, कोळंबीचीं पिल्लें यांचें घर मोडतें, आणि कोळणीची पाटी हलकी होते. नियम झाडें मोजतो, क्षेत्र मोजतो. भरतीची वाट मोजीत नाहीं. आमच्या मतें हीच त्याची खरी उणीव आहे.

हा प्रश्न कोळ्यांचा, आपला नव्हे, असें माजघरांत बसून म्हणतां येणार नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतक्या पावसानें कोणतेंही शहर तुंबलें असतें, हें खरें. परंतु मिठी नदीच्या कांठची पाणथळ जमीन भरावानें आधींच आकसली होती. तेथें पसरावयाचें पाणी लोकांच्या घरांत पसरलें.

यास्तव वाचकांस आमची एक विनंति आहे. घर घेण्याचीं बोलणीं निघालीं म्हणजे आपण दिशा पाहतों, उजेड पाहतों, शेजार पाहतों. त्याबरोबर कर्त्या मंडळींनीं एवढेंही विचारावें कीं, या जागीं पूर्वीं काय होतें, आणि तेथें येणारें पाणी आतां कोठें जातें? उत्तर न मिळाल्यास तें पावसाळ्यांत आपोआप मिळतें. पण तेव्हां विचारणाराच्या पायांखालीं कोरडी जमीन नसते.