जुन्या मालवाहू गाडीची परीक्षा

हंगाम आटोपून हातांत चार पैसे खेळूं लागले, कीं आपल्या भागांतील पुष्कळ बागाईतदारांच्या मनांत एकच विचार घोळूं लागतो : मालासाठीं आपली स्वतःची लहानशी गाडी असावी. नवी परवडत नाहीं, म्हणून जुनी पाहूं लागतात, आणि ज्या कोणाकडे गाडी पाहावयास जातात त्यास पहिला प्रश्न करितात तो हा कीं, “ॲव्हरेज किती देते?” हा प्रश्न गैर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. डिझेलच्या पैशाची चिंता ज्यास वाटत नाहीं असा शेतकरी आम्हीं तरी पाहिला नाहीं. परंतु हा प्रश्न पहिला विचारण्याचा नव्हे, तिसरा किंवा चौथा विचारण्याचा आहे. आणि तो पहिला विचारल्यामुळेंच पुष्कळांची फसगत होते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न विक्रेत्यास नव्हे, स्वतःसच विचारावयाचा आहे. माझा माल एका खेपेस किती क्विंटल निघतो? ऐन भरांतल्या एखाद्या दिवसाचा आंकडा येथें उपयोगी नाहीं. वर्षांतील बहुतेक खेपांचा आंकडा पाहिजे. जुन्नर तालुक्यांतील एखाद्या टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें उदाहरण घेऊं. नारायणगांवचा बाजार त्याच्या शेतापासून ३० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ६० किलोमीटर पडतो असें धरूं. त्यास मुख्यत्वें दोन प्रकारच्या जुन्या गाड्या मिळण्यासारख्या आहेत. एक ‘छोटा हत्ती’ या नांवानें खेडोपाडीं ओळखली जाणारी, पाऊण टन माल नेणारी. टाटांनीं ती २००५ सालीं बाजारांत आणली, तेव्हां तिचें इंजिन अवघें दोन सिलिंडरांचें व सुमारें ७०० घनसेंटिमीटरांचें होतें. दुसरी दीड टनाच्या आंतबाहेरची पिकअप. पहिली लिटरास १८ किलोमीटर देते व दुसरी १२ देते, असें हिशेबापुरतें धरूं. केवळ ॲव्हरेज पाहणारा मनुष्य पहिलीवरच उडी घालील. पण मालाच्या मानानें हिशेब करून पाहा. लहान गाडीस खेपेला सुमारें ३.३ लिटर डिझेल लागतें आणि ती ७.५ क्विंटल नेते. क्विंटलमागें ४४० मिलिलिटर झालें. मोठीस ५ लिटर लागतें, पण ती १५ क्विंटल नेते. क्विंटलमागें ३३३ मिलिलिटरच. पूर्ण भरली तर मोठीच स्वस्त! आतां त्याच मोठ्या गाडींत वीस वीस किलोंचे ३५ क्रेट, म्हणजे ७ क्विंटल, घालून पाहा. हलक्या ओझ्यानें डिझेल साडेचार लिटरांवर आलें असें मानलें तरी क्विंटलमागें ६४० मिलिलिटर पडतें. गाडी तीच, रस्ता तोच. फरक केवळ हौदा किती भरला याचा.

यावर कोणी म्हणेल, लहान गाडी घेऊं आणि तींतच बारा क्विंटल कोंबूं. ही युक्ति सर्वांनाच सुचलेली आहे, आणि बाजारांतील निम्म्या जुन्या गाड्या या युक्तीनेंच मोडकळीस आलेल्या आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून मर्यादेबाहेर माल भरल्यास २०,००० रुपये दंड व शिवाय दर अधिक टनास २,००० रुपये असा कायदा आहे. एका तपासणींत टोमॅटोची एक अख्खी तोडणी जाते.

दुसरा प्रश्न, वर्षांत खेपा किती? वरच्याच ६० किलोमीटरांच्या खेपेस १५ चें ॲव्हरेज देणारी गाडी ४ लिटर पिते व १८ चें देणारी ३.३ लिटर. डिझेल ९० रुपये लिटर धरलें, तर एका खेपेंत सुमारें ६० रुपये वांचले. वर्षास ४० खेपा झाल्या तर २,४०० रुपये. एवढ्याशा बचतीसाठीं गाडीच्या किंमतींत पन्नास हजार जास्त मोजणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत! उलट विमा, योग्यतेचा दाखला, टायर, दुरुस्ती व कर्जाचें व्याज मिळून वर्षास साठ हजार जरी बसले, तरी त्या ४० खेपांवर डिझेल सोडूनच दर खेपेस दीड हजार पडतात. इतक्या भाड्यांत जर गांवांतील गाडीवाला माल बाजारांत टाकीत असेल, तर गाडी घेऊंच नये. चार भाऊबंदांनीं मिळून एक गाडी घेतली आणि येतांना रिकामी न आणतां खत, पेंड, रोपें भरून आणलीं, तर मात्र हाच हिशेब पालटतो. रिकाम्या परतीचें डिझेल कोणीच मोजीत नाहीं.

या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर मग गाडी पाहावी, आणि तेथेंहि जातीपेक्षां प्रकृति पाहावी. प्रस्तुत लेखकानें आठ वर्षांपूर्वीं एक छोटी गाडी घेतली. विक्रेत्यानें २० चें ॲव्हरेज सांगितलें आणि हमरस्त्यावर रिकामी चालवून दाखविली. रंग नवा होता. डोळे त्यावरच खिळले. घरीं आल्यावर सहा क्विंटल फ्लॉवर भरून घाट चढली तेव्हां ती १३ वर आली. कारागिरानें चाकें खोललीं, तेव्हां मागचा एक ब्रेक सदैव घासत असल्याचें निघालें. तें थोडक्यांत भागलें. पण नव्या रंगाखालीं चासीला पडलेली चीर व तीवरचें वेल्डिंग निघालें, त्यानें दोन हंगामांची शिल्लक खाल्ली. विक्रेता खोटें बोलला असेंहि म्हणवत नाहीं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर तेवढें देतहि असेल. आम्हीं आमचा माल व आमचा घाट बरोबर नेला नव्हता, हा दोष आमचाच.

म्हणून गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहावी. आधींच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशीं यावें. काळा धूर दिसला तर डिझेल पुरतें जळत नाहीं. हवेची गाळणी चोंदली असेल किंवा इंजेक्टर बिघडले असतील. हा दोष बहुधा बेताच्या खर्चांत निघतो व ॲव्हरेजहि सुधारतें, म्हणून एवढ्यावरून गाडी टाकूं नये, भाव मात्र पाडावा. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. तेथें मोठें काम निघतें. पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबला नाहीं, तर पाणी सिलिंडरांत उतरत असल्याचा संशय घ्यावा. नंतर खालीं वांकून मागचे कमानपाटे मोजावे. मूळच्यापेक्षां एखादा पाटा वाढविलेला आढळला, तर ती गाडी विटा-वाळूच्या धंद्यांत राबली असें समजावें. शेवटीं सपाट जागीं न्यूट्रलमध्यें ठेवून दोघांनीं ती ढकलावी. टायरांत हवा बरोबर असून ती सहज सरली नाहीं, तर कोठें तरी ब्रेक घासत आहे.

आतां ॲव्हरेजचा प्रश्न. पण तो विक्रेत्यास विचारूं नये, गाडीसच विचारावा. टाकी कांठोकांठ भरावी, नेहमींएवढा माल घालावा, नेहमींच्या रस्त्यानें बाजारास जाऊन रिकामें परत यावें, व त्याच पंपावर पुन्हां कांठोकांठ भरावी. जें डिझेल बसलें त्यानें किलोमीटरांस भागावें. डिझेलचे पैसे आपण द्यावे. एवढी मुभा जो विक्रेता देत नाहीं, त्याच्याशीं पुढें बोलण्याचें कारण उरत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी गाळणी ज्यांस आहे, त्या रोज चार-सहा किलोमीटर संथपणें फिरविल्या तर ती चोंदते. ज्यांचें संकलनकेंद्र शेजारींच आहे त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. सी.एन.जी. स्वस्त पडतो, पण पंप बाजाराच्या वाटेवरच असला तर. आणि त्या सिलिंडरची दर तीन वर्षांनीं चाचणी झाल्याचा दाखला मागावा.

कागदपत्रांविषयीं थोडेंच लिहितों. सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं. तसाच नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे कीं काय, हें पाहावें, आणि असल्यास तो उतरल्यानंतरच पैसे द्यावे. एकूण भारित वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर मालवाहतुकीचें परमिट लागत नाहीं. कांहीं पिकअप या मर्यादेबाहेर जातात, म्हणून तो आंकडा पुस्तकांतच वाचावा. हलक्या मोटारीचा परवाना असलेला मनुष्य ७,५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवूं शकतो, हें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें पुन्हां स्पष्ट केलें आहे. तेव्हां घरच्या मुलास वेगळा परवाना काढावा लागेल ही भीति नको. गाडी आठ वर्षांच्या पुढची असेल, तर योग्यतेचा दाखला दरसाल घ्यावा लागतो. तो किती महिने उरला आहे हें भाव ठरवितांनाच विचारावें. आणि नांवबदलाच्या २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवर विक्रेत्याची सही, शेवटचा हप्ता त्याच्या हातीं पडण्याच्या आधीं घ्यावी. नंतर तो गृहस्थ सहीसाठीं कोठें सांपडेल याचा नेम नसतो.