बेंजोच्या बाजूची सतरंजी

आमच्याकडं भीमजयंती 14 एप्रिलला सुरू होते आणि मे उजाडला तरी चालूच असते. गावं पुष्कळ, गाणाऱ्या पार्ट्या मोजक्या. चौदा तारखेची सुपारी शहराला जाते, मग गावं आपापल्या तारखा धरतात. म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धात वाशीम जिल्ह्यात कुठल्याही संध्याकाळी निघा, एखाद्या विहारासमोर निळा मंडप दिसतोच. मी निघालो होतो अनसिंगच्या पुढं, पुसद रोडवरून आत वळणाऱ्या एका गावाला. कव्वालीचा मुकाबला होता. पोस्टरवर गायक आणि गायिका, दोघांचे मोठे फोटो. मी ज्याच्यासाठी चाललो होतो, त्याचं पोस्टरवर नावही नव्हतं.

गाडीवर मागं भाचा बसला होता. तो पुण्याला शिकतो आणि तिथल्या बँडच्या मैफली सोडत नाही. ज्या एनएच सेव्हन वीकेंडरची सुरुवात 2010 मध्ये पुण्यात झाली, त्याच्या गोष्टी तो तासन् तास सांगू शकतो. ‘इंडी’ म्हणजे काय, हे त्यानं मला वाटेत समजावलं. सिनेमाच्या किंवा बड्या कंपनीच्या आधारावाचून आपलं गाणं आपण रचायचं आणि लोकांपुढं उभं राहून वाजवायचं. मी म्हटलं, मग आज तू तेच ऐकणार आहेस. भीमगीतकार वामनदादा कर्डकांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. कुणा बाईनं वाचायला दिलेलं पत्र वाचता आलं नाही, ती बोच त्यांना लागली आणि ते मुंबईत अक्षरं शिकले. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं आणि पुढं हजारो रचली. ती एका वहीतून दुसऱ्या वहीत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. भाचा गप्प झाला. रस्त्याकडेच्या शेतांतून हळद शिजवल्याचा उग्र, मातकट वास येत होता.

पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया पुढं, पोरं त्यांच्या मांडीवर. त्रिशरण-पंचशील झालं आणि मी नेहमीप्रमाणं समोरची जागा सोडून डावीकडं सरकलो. तिथून बेंजोवाल्याची बोटं दिसतात.

या माणसाला मी वीसेक वर्षं ऐकतो आहे. रिसोडला ऐकलं, मंगरुळपीरला ऐकलं, मालेगावला पाऊस लागला तेव्हा ताडपत्रीखाली ऐकलं. गायक बदलले, पार्ट्या फुटल्या, हा चार पार्ट्यांतून फिरला. पण पहिल्या दोन झटक्यांत ओळखू येतो.

बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेलं एक तंतुवाद्य घडवलं, त्याचा हा वंशज. डाव्या हाताची बोटं कळा दाबतात, उजव्या हातातली नखी तारा छेडते. काही तारा चाल वाजवतात, काही नुसता आस धरून राहतात. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि घरात वाजणारं ते नाजूक वाद्य मैदानभर कडाडू लागलं. भाच्याच्या बँडमध्ये जे काम इलेक्ट्रिक गिटार करते, ते आमच्याकडं बेंजो करतो.

एक अडचण मात्र त्याच्या घडणीतच आहे. कळ दाबली की ठरलेला सूर निघतो. गायकाची मींड त्याला घेता येत नाही, कारण दोन कळांच्या मध्ये वाटच नाही. मग वादक काय करतो? एकाच सुरावर नखी इतकी झपाट्यानं फिरवतो की सूर थरथरायला लागतो आणि त्या थरथरीतून पुढच्या सुरात उतरतो. आमचा हा वादक याहून एक पाऊल पुढं जातो. कळ सोडता सोडता तिच्यावर बोटाचा जरासा भार ठेवतो. तार पुरती सुटत नाही, पुरती दाबलीही जात नाही, आणि गाणाऱ्याचा आवाज दाटून यावा तसं काहीसं ऐकू येतं. हे तो कुणाकडून शिकला, मी विचारलं होतं. म्हणाला, “वाजवता वाजवता आलं भाऊ.”

मुकाबला रंगला. गायिकेनं शेरातून सवाल टाकला, चवदार तळ्याचं पाणी कुठल्या दिवशी पेटलं? गायक हार्मोनियमवर हात ठेवून जवाब जुळवतोय, तोवर पुढच्या रांगेतली एक आजी ओरडली, “20 मार्च 1927!” मंडप हसला, गायकानं वाकून तिला जयभीम घातला आणि तिच्याच उत्तरावर पुढचं कडवं रचलं. कोरसनं ते उचललं, ढोलकी आणि ऑक्टोपॅड एकदम तुटून पडले, आणि वरून बेंजो आला. भाच्यानं माझा हात घट्ट धरला होता. बक्षिसाच्या नोटा गायकांकडं जात होत्या, देणाऱ्यांची नावं माईकवर पुकारली जात होती. मीही एक नोट नेऊन बेंजोच्या पेटीवर ठेवली. नाव सांगितलं नाही.

दहा वाजता माईक बंद झाला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा नको. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण गावानं धरलेली तारीख त्यात कशी असणार? नियमाशी माझं भांडण नाही. त्याच रात्री गावात कुणी आजारी असेल, कुणाचा पेपर असेल. मुंबईत रॉकवाल्यांचं रंगभवनही शांतता क्षेत्राच्या नियमानंच मुकं झालं. दुःख एवढंच, की कव्वाली ही रात्र चढेल तशी उघडणारी गोष्ट आहे. पूर्वी मुकाबले पहाटेपर्यंत चालत आणि गळे खऱ्या अर्थानं मोकळे व्हायचे ते दोननंतर. आता तीन तासांत सगळं बसवायचं, तर लांब आलाप जातात, शेर कमी होतात, लोकांना आधीच पाठ असलेली गाणी तेवढी उरतात. आयोजकांनी ऊन उतरताच पाच-साडेपाचला सुरुवात करावी, असं मी यंदा चार ठिकाणी बोलून आलो आहे.

साऊंडवाला वायरी गुंडाळू लागला. तेवढ्यात त्या आजीनं फर्माईश केली. आतच बसू म्हणाली, विहारात. पंचवीस-तीस माणसं चपला काढून आत गेली, दार लोटलं. माईक नाही, ऑक्टोपॅड नाही. गायक हलक्या आवाजात वामनदादांचं एक गाणं म्हणू लागला आणि बेंजोवाल्यानं पिकअपची वायर काढून बेंजो मांडीवर घेतला.

इतक्या वर्षांत त्याचा बेंजो मी बिनवायरीचा कधी ऐकला नव्हता. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत एवढाच आवाज. कळांची टकटक ऐकू येत होती, नखी तारेला लागण्याआधीचा त्याचा श्वासही. ती बोटाच्या भाराची जागा आली, तेव्हा बायांनी गाणं थांबवलं. गायकही थांबला. बेंजोवाल्यानं ती जागा तीनदा घेतली, डोळे मिटून, आणि तिसऱ्यांदा सूर इतका बारीक झाला की तो संपला कधी, हे कळलंच नाही. भिंतीला टेकून बसलेली आजी पदरानं डोळे पुसत होती. मीही पुसले.

बाहेर पार्टीची जीप सुरू झाली होती. त्यानं तारा थोड्या ढिल्या केल्या, उन्हाळ्यात ताणलेल्या ठेवल्या की तुटतात म्हणाला, आणि बेंजो शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. भाच्यानं त्याला वाकून नमस्कार केला आणि त्याचं नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं, मग माझ्याकडं बघून म्हणाला, “परवा मानोऱ्याकडं सुपारी हाय भाऊ. येता का?”

भाच्याची पुण्याची गाडी उद्याची होती. तिकीट त्यानं तिथंच, जीपच्या उजेडात रद्द केलं.