तेहतीस वस्त्रांचा साधेपणा

अलीकडे सुशिक्षित घरांत एक नवें व्रत शिरूं पाहत आहे. त्याचें नांव 'कॅप्सूल वॉर्डरोब'. परस्परांशीं जुळणारीं मोजकीं वस्त्रें बाळगावीं, तीं आलटून पालटून वापरावीं आणि बाकीच्यांस निरोप द्यावा, हें त्याचें सार. हेतूस नांव ठेवण्याचें कारण नाहीं. तुडुंब भरलेल्या कपाटापुढें उभें राहून 'नेसायला कांहींच नाहीं' असा उसासा ज्या घरांत कोणी टाकीत नाहीं असें घर आज शहरांत सांपडणें कठीण. तेव्हां त्यावर कोणी उपाय सुचविला तर त्याचें स्वागतच व्हावें. आमचा वाद आहे तो त्या उपायाच्या घडणीशीं. यादी बाहेरून आणावयाची, आणि आपलें कपाट ज्या कारणांनीं भरतें त्यांस बोटही लावावयाचें नाहीं, ही ती घडण होय.

मूळ थोडें पाहावें. हा शब्दप्रयोग १९७० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें वस्त्रांचें दुकान चालविणाऱ्या सुझी फो या बाईंनीं रूढ केला. पुढें १९८५ मध्यें न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनीं नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं सात वस्त्रांचा संच बाजारांत आणला. थोडें घ्यावें पण चांगलें घ्यावें, हा उपदेश खोटा नव्हे. परंतु वैद्य आणि औषधविक्या एकच असला म्हणजे पथ्यापेक्षां गोळीवर भर पडावयाचाच. २०१० मध्यें कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईंनीं तीन महिन्यांस ३३ वस्तू असा नियम काढला. तो अधिक प्रामाणिक खरा, कारण त्यांत नवें घेण्याचा आग्रह नाहीं. मात्र निजावयाचे आणि घरांत वावरावयाचे कपडे त्या ३३ मध्यें धरलेले नाहींत. साधेपणाचा हिशेब उंबरठ्याबाहेर सुरू होतो, असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आमच्या बाजारानें यांतली यादी तेवढी उचलली. पांढरा सदरा, काळी विजार, फिकट रंगाचा कोट. हें ज्याच्या घरीं नसेल त्यानें तें आधीं विकत आणावें आणि मग साधें व्हावें! मुंबईच्या दमट हवेंत त्या कोटाचें काय करावयाचें, हा प्रश्न यादी करणारास पडलेला दिसत नाहीं.

वास्तविक थोडक्या वस्त्रांत भागविण्याची विद्या आम्हांस परकी नाहीं. 'अंगावर एक, वळणीवर एक' हें आमच्या आजीपणजीचें गणित होतें. परंतु त्या गणिताचें मर्म आंकड्यांत नव्हतें, तें कापडांत होतें. नऊ वारी लुगड्यास माप नसतें. तें शेतांत, स्वयंपाकघरांत आणि देवापुढें चाले. नेसणारी रोडावली काय, गरोदर राहिली काय, लुगडें तेंच. आईचें लेकीस होई, तेंही शिंप्याकडे न जातां. मध्यें विरलें कीं विरलेला भाग कापून दोन टोकें जोडीत. यास दंड घालणें म्हणत. दंडही टिकेनासा झाला म्हणजे त्याचीं बाळाचीं दुपटीं होत, मग गोधडी, आणि शेवटीं पोतेरें. शिवलेल्या कपड्यालाही तेव्हां पुढचा विचार असे. शिंपी शिवणींत आंतल्या बाजूस चार बोटें कापड राखून ठेवी, आणि त्या राखलेल्या कापडास त्यानें नांव दिलें होतें 'माया'. पोर वाढलें कीं शिवण उसवून माया सोडावी आणि झगा आणखी दोन वर्षें चालवावा. आजचा तयार कपडा उलटा करून पाहावा. त्यांत माया कितीशी उरली आहे? शिवाय सुतांत पॉलिएस्टर आणि ताणाचा धागा मिसळलेलें कापड पोतेऱ्याच्या कामींही येत नाहीं, कारण तें पाणी टिपीत नाहीं. असलीं ३३ वस्त्रें फार तर कपाटांत कमी जागा अडवतील. त्यांस साधीं म्हणवत नाहीं.

यादीच हवी असेल तर बुद्धाच्या विनयांत ती अडीच हजार वर्षांपूर्वींची आहे. भिक्षूस तीन चीवरें. अधिक मिळालेलें चीवर दहा दिवसांपलीकडे ठेवावयाचें नाहीं. परंतु तेथेंही गोष्ट तीन या आंकड्यावर संपत नाहीं. चुल्लवग्गांत एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं आनंदास पांचशें वस्त्रें दिलीं, तेव्हां राजास संशय आला, कीं हा श्रमण आतां कापडाचें दुकान मांडणार कीं काय! त्यानें जाऊन विचारलें. आनंद म्हणाला, ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना हीं वांटूं. मग जुन्यांचें काय? त्यांचीं पांघरुणें. जुन्या पांघरुणांचें? गाद्यांच्या खोळी, खोळींचीं जमिनीवरचीं बैठकींचीं वस्त्रें, त्यांचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचे झाडण, आणि झाडणाच्या चिंध्या करून चिखलांत कालवून त्यानें जमीन सारवूं. राजाचें समाधान झालें, आणि त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. राजानें एकदांही 'तुमच्याजवळ किती आहेत?' म्हणून विचारलें नाहीं, 'पुढें काय करणार?' एवढेंच विचारलें. कपाट आवरणारानेंही हाच प्रश्न प्रत्येक कपड्यास विचारावयास हवा.

येथें कोणी म्हणेल, जुन्याच्या नांवानें तुम्ही दारिद्र्याचीच आरती ओवाळीत आहां. आक्षेप रास्त आहे. दोनच लुगडीं असलेल्या बाईस आषाढांत वळणीवरचें न वाळलेलें लुगडें तसेंच ओलें गुंडाळावें लागे. त्यांत वैराग्य नव्हतें. आणि मोजक्या वस्त्रांची सर्वांत काटेकोर व्यवस्था आमच्या समाजानें कोणासाठीं केली होती? केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेसाठीं. तिला एकच तांबडें आलवण, जन्मभर. रंग निवडण्याची दगदग नाहीं, जुळविण्याची चिंता नाहीं. तिला तें कोणीं विचारून दिलें नव्हतें. म्हणून थोडकेपणाचे गोडवे गातांना, तो कोणीं ठरविला आणि कोणावर लादला, एवढें तरी पाहिलेंच पाहिजे.

आज लादणें उलट्या दिशेनें चाललें आहे. एकाच पद्धतीच्या पांढऱ्या सदऱ्यांत तीस वर्षें नोकरी केलेल्या गृहस्थास आपण साधा म्हणून गौरवितों. त्याच कचेरींतल्या बाई एका आठवड्यांत तीच साडी दोनदां नेसून आल्या तर जेवणाच्या सुटींत डोळे डोळ्यांस भेटतात. एका लग्नाच्या छायाचित्रांत दिसलेली साडी त्याच आप्तांच्या दुसऱ्या लग्नांत नेसूं नये, हा तर आतां अलिखित कायदाच झाला आहे. पूर्वीं साडीची घडी मोडणें म्हणजे तिच्या आयुष्याचा आरंभ असे. आतां कित्येक साड्यांची घडी मोडली कीं त्यांचें काम संपतें. या लाजेवर तेहतिसांची यादी काय इलाज करणार? पोरीनें कपाट आवरलें तरी मावशीची जीभ आवरली जात नाहीं.

दुसरें कारण याहून अवघड. आमचीं कपाटें निम्मीअर्धीं आपण स्वतः भरीतच नाहीं. तीं आहेर भरतो. साड्यांच्या दुकानांत जाऊन पाहावें, 'देण्याघेण्याच्या' साड्यांची फळी वेगळी असते, आणि ती तशी नांव घेऊनच मागितली जाते. ती साडी घेणारी स्वतः नेसणार नाहीं, जिला देणार ती नेसणार नाहीं, हें दुकानदारासकट सर्वांस ठाऊक असतें. ओटीचा खण तर या कपाटांतून त्या कपाटांत हिंडत राहतो, त्याचें पोलकें कोणी शिवीत नाहीं. नेसण्यासाठीं नव्हे तर देण्यासाठींच विणलेलें वस्त्र! लंडन-न्यूयॉर्कच्या यादींत याला रकानाच नाहीं, आणि असणार तरी कोठून? त्या बायांच्या कपाटांत व्याह्यांचा मान येऊन पडत नाहीं.

सुधारणा करावयाची तर येथें करावी, आणि ती घरांतल्या एकट्या सुनेनें करून होणार नाहीं. ज्यांचा मान राखावयाचा त्यांनींच 'मला साडी नको' असें पहिल्यानें म्हटलें पाहिजे. तूर्त मात्र कित्येक लग्नपत्रिकांच्या तळाशीं 'कृपया आहेर आणूं नये' असें सुबक अक्षरांत छापलेलें असतें, आणि ती पत्रिका छापखान्यांतून घरीं येते तेव्हां ओसरीवर विहिणींच्या, नणंदांच्या आणि चुलतसासवांच्या साड्यांची यादी वाचणें चाललेलें असतें.