थकलेल्या भाड्याची दुकाने
किशोर बियाणी यांनी २००१ मध्ये सुरू केलेला ‘बिग बझार’, जेथे प्रजासत्ताकदिनाच्या सवलतींसाठी मध्यमवर्गीय कुटुंबे तांदळापासून चादरींपर्यंतच्या खरेदीस सहर्ष गर्दी करीत, तो केवळ गिऱ्हाइकांच्या उदासीनतेने नव्हे, तर विस्तारापायी वाढलेल्या कर्जाच्या भाराखाली, टाळेबंदीत विक्री थंडावताच खचला. २०२० मध्ये रिलायन्सशी ठरलेला २४,७१३ कोटी रुपयांचा सौदा ॲमेझॉनच्या दाव्यात अडकला, भाडी थकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, भाडेपट्टे आधीच आपल्याकडे घेतलेल्या रिलायन्सने शेकडो दुकानांचा कब्जा घेतला. पुढे दिवाळखोरीचे कामकाज सुरू झाले. पण अशा कामकाजात तारणधारक बँकांचा हक्क अग्रक्रमाने मानला जातो, आणि उधारीवर माल पुरविणाऱ्या लहान व्यापाऱ्याची थकबाकी तळाशी राहते, ही तजवीज मला सर्वथैव अन्याय्य वाटते.