माझे वर्गणीदार

पुण्यात दोन गोष्टी फुकट मिळतात : सल्ला आणि शेजाऱ्याचे वर्तमानपत्र. अशा गावात लिखाणाची वर्गणी मागायला निघालेल्या माणसाचे डोके ठिकाणावर आहे काय, असे कोणी विचारले तर मला राग येत नाही. गेली चार वर्षे मी तेच करतो आहे. दर शनिवारी सकाळी सात वाजता माझे एक पत्र ई-मेलने वाचकांच्या घरी जाते. लेखक मी, संपादक मी, मुद्रिते तपासणारा मी आणि पत्त्यांची वही सांभाळणारा कारकूनही मीच. पोस्टमन तेवढा इंटरनेट.

त्याआधी अकरा वर्षे मी एका दैनिकात सदर लिहीत असे. एके दिवशी ते पान बंद झाले. निरोप फोनवर आला आणि दोन मिनिटांत संपला. पान बंद झाल्याचे दुःख झालेच. पण खरा धक्का बसला तो संध्याकाळी. वाचकांना निरोपाचे चार शब्द लिहावेत म्हणून बसलो, तेव्हा लक्षात आले की माझ्याजवळ त्यांच्यापैकी एकाचाही पत्ता नाही! अकरा वर्षे ज्यांना मी 'माझे वाचक' म्हणत होतो, ते सगळे दैनिकाचे वाचक होते. मी त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जात होतो. यजमानाने दार लावले, आणि मला बैठक कोणती हेसुद्धा आठवेना.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही थेट पत्रच का पाठवत नाही? छपाई नाही, तिकीट नाही. फक्त पत्ते जमवा."

'फक्त' हा शब्द तरुण माणसे किती सहज वापरतात! पहिल्या शनिवारी माझ्याजवळ सदतीस पत्ते होते. त्यांपैकी चौदा नातेवाईक, आणि नातेवाईक वाचतात हे गृहीत धरण्याइतका मी भोळा नाही. मग मी एक दोनशे पानी वही घेतली आणि ती पिशवीत टाकून हिंडू लागलो. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत व्याख्यान असो, अप्पा बळवंत चौकातले पुस्तकांचे दुकान असो, की लग्नाची पंगत असो. ओळख निघाली की मी वही पुढे करी. एका मुंजीत तर बटूच्या आजोबांनी मला आहेर लिहून घेणारा समजून पाकीट हातात दिले. तेही मी परत केले. पत्ता मात्र घेतला.

वर्षभरात सदतीसाचे दोनशे चाळीस झाले आणि गाडे तेथेच अडले. त्याच सुमारास एका परिचिताने मला दहा हजार पत्त्यांची तयार यादी दीड हजार रुपयांत देऊ केली. दहा हजार! मी मनातल्या मनात गुणाकार केला. दर शेकडा दोघांना जरी पत्र आवडले, तरी दोनशे वाचक एका शनिवारात! मी यादी घेतली आणि पत्र धाडून दिले.

पुढे काय झाले ते सांगायला लाज वाटते, पण या वाटेने जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. शेकडो पत्ते बंद पडलेले होते. ती पत्रे परत आली. ज्यांना पोचली त्यांतल्या कित्येकांनी 'नको असलेले टपाल' अशी खूण केली. त्यांचे काय चुकले? मी न विचारता त्यांच्या घरात शिरलो होतो. आता, ई-मेलची सेवा देणाऱ्या कंपन्या या खुणा मोजत असतात. त्या फार झाल्या की पाठवणाऱ्याची पत जाते, आणि त्याचे पुढचे टपाल न वाचताच 'स्पॅम' नावाच्या कचऱ्याच्या टोपलीत पडू लागते. पुढच्या शनिवारी माझ्या सख्ख्या बहिणीचा फोन आला, "दादा, बरा आहेस ना? पत्र नाही आलं." दहा हजारांच्या मागे लागून मी मूळचे दोनशे चाळीस घालवून बसलो होतो. ती यादी पुसली, प्रत्येकाला फोन करून टोपलीतून पत्र काढायला सांगितले. झालेली चूक निस्तरायला चार महिने गेले.

दुसरी चूक याहून गोड होती. कितीजणांनी पत्र उघडले याचा आकडा हल्ली घरबसल्या दिसतो. तो पाहण्याचा नाद तपकिरीसारखा असतो. ज्या शनिवारी मथळा चटकदार, त्या शनिवारी आकडा मोठा. मग मी मथळ्यांना मिरची लावू लागलो. जुन्या वाड्यावर लिहायचे, तर 'या वाड्यात रात्री काय घडले?' असा मथळा द्यायचा. घडले काहीच नव्हते; रात्री वाडा झोपला होता. आकडा चढत होता आणि मी खूष होतो. तोच कोथरूडहून एका निवृत्त गृहस्थांचे दोन ओळींचे उत्तर आले : "पत्र हल्ली तुमचे वाटत नाही. शनिवारी चहा नुसताच घेतो."

त्या आठवड्यात मला काही लिहिता आले नाही. वाचनालयातून 'निबंधमाले'चा खंड आणला आणि पाने चाळत बसलो. वाचकहो, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची सगळीच मते आज आपल्याला पटणार नाहीत. जोतीराव फुल्यांवर त्यांनी केलेली टीका तर वाचवतही नाही. पण एका गोष्टीसाठी मी त्यांना त्या रात्री हात जोडले. १८७४ च्या जानेवारीत हे मासिक निघाले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि शाळेत शिकवीत होते. १८८१ पर्यंत ८४ अंक निघाले, आणि ते जवळजवळ सगळे त्यांनी एकट्याने लिहिले. आरंभ 'मराठी भाषेची सद्यःस्थिती' या विषयाने! चटकदार मथळ्यांच्या हिशेबात हा विषय कोणत्या आकड्याला बसेल? इंग्रजी शिकलेला माणूस मराठी वाचायला कमीपणा मानी, अशा काळात हा तरुण वाचकाची थट्टा करतो, त्याला खडसावतो, लांबलचक वाक्यांत गुंतवून ठेवतो, पण त्याच्यापुढे लाळ घोटत नाही. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि १८८२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेलेसुद्धा.

दुसरे आठवले ते महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. त्यांनी १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढले. विषय संततिनियमन आणि लैंगिक ज्ञान! मासिक उघड्यावर हातात धरायची लोकांना चोरी, खटले झाले, पदरमोड झाली. पण १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, त्यांनी ते चालवले. वर्गणीदार वाढावेत म्हणून त्यांनी विषय सौम्य केला असता, तर कदाचित ते वाढलेही असते. मग 'समाजस्वास्थ्य' मात्र राहिले नसते.

याचा अर्थ वाचकाची ओढ लावणे हे पाप आहे असा नव्हे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यातच 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः छापली. आठवडाभर वाट पाहायला लावण्याची कला हरिभाऊंना उत्तम साधली होती. पण वाट पाहणाऱ्याला पुढल्या अंकात खरोखर यमूची हकिगत मिळे. रिकामा वाडा नव्हे. ओढ लावावी, पण तिला जागावे.

मथळे पुन्हा साधे झाले. आकडा उतरला. कोथरूडच्या गृहस्थांचे उत्तर आले : "चहा गोड लागला."

आता राहिला प्रश्न पैशांचा. तो मी नव्हे, आमच्या सौभाग्यवतींनी काढला. ती शाळेत शिक्षिका आहे. मी एकदा म्हणालो, "वाचणाऱ्यांपुढे हात पसरायची लाज वाटते." तिने वह्या तपासता तपासता मान वर न करताच विचारले, "आणि दोन वर्षं माझ्या पगारावर लिहिताना?"

यावर उत्तर नव्हते. त्या शनिवारी मी सरळ लिहिले की हे काम पुढे चालावे असे वाटत असेल, तर वर्षाला चारशे रुपये द्यावेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी संकोच न करता फुकट वाचावे. खाली यू.पी.आय.चा क्रमांक दिला आणि मोबाईल उशाशी ठेवून रात्रभर कूस बदलत राहिलो. तोवर वहीत सहाशे चाळीस नावे झाली होती. महिनाअखेर एकाहत्तर जणांनी वर्गणी भरली. ज्यांच्यावर माझी भिस्त होती त्यांतले बरेच गप्प राहिले, आणि ज्यांनी कधी एक ओळ लिहिली नव्हती अशांनी दोन-दोन वर्षांचे पैसे पाठवले. माणसाची पारख वर्गणी मागितल्यावाचून होत नाही!

आज वर्गणीदार तीनशे बारा आहेत. महिन्याकाठी दहा हजारांवर रक्कम पडते. त्यावर घर चालत नाही. पण विजेचे बिल, इंटरनेट, पुस्तके आणि भाजी माझ्या लिखाणातून येते, आणि भाजीची पिशवी मी आता जरा ताठ मानेने घरात आणतो. हे तीनशे बाराही कोणत्याही युक्तीने आलेले नाहीत. बहुतेक सारे एकाने दुसऱ्याला सांगून आले. सांगणाऱ्याला खात्री एवढीच होती की शनिवारी सात वाजता पत्र येते. लिखाण कधी उतरते, कधी चढते. वार मात्र चुकवून चालत नाही.

तरी तो एकदा चुकला. गेल्या पावसाळ्यात तापाने पडलो आणि पत्र सकाळी नऊ वाजता निघाले. तेवढ्या दोन तासांत तीन फोन आले. "पत्र का नाही?" असे एकानेही विचारले नाही. तिघांनी विचारले, "बरे आहात ना?" अकरा वर्षांच्या सदरात असा फोन मला कधी आला नव्हता. यायचा कोठून? त्यांच्याजवळही माझा पत्ता नव्हता.

त्या तिघांतल्या एकाने अद्याप वर्गणी भरलेली नाही. पण हे मी सौभाग्यवतींना सांगितलेले नाही.